थ्रश : मुखातील श्वेत कवकरोग व त्याच्या आकलनाचा इतिहास

कँडिडा वंशातील, विशेषतः कँडिडा आल्बिकान्स या जातीच्या, किण्वसदृश (यीस्टसारख्या) कवकामुळे तोंडातील श्लेष्मकलेवर (आतील बुळबुळीत अस्तरावर) होणाऱ्या रोगाला ‘थ्रश’ म्हणतात. जीभ, गालांची आतील बाजू, हिरड्या व टाळू यांवर नासलेल्या दुधाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटतात. ते एकमेकांस मिळून त्यांचे चट्टे बनतात. बोळ्याने घासल्यास हे चट्टे सुटून येतात आणि खाली लालभडक, कधी किंचित रक्त येणारा पृष्ठभाग उघडा पडतो. अर्भकाच्या जिभेवर साचलेले दूध ओल्या फडक्याने सहज पुसले जाते, हे चट्टे तितक्या सहज निघत नाहीत. घरगुती पारखीची ही खूण बहुधा पुरेशी ठरते. नवजात अर्भके, वृद्ध, कवळी वापरणारे, मधुमेही, दीर्घकाळ प्रतिजैव औषधे (अँटिबायॉटिके) किंवा कॉर्टिकोस्टेरॉइडे घेणारे आणि ज्यांची प्रतिरक्षा (रोगप्रतिकाराची यंत्रणा) दुबळी झाली आहे असे रुग्ण यांच्यात हा रोग अधिक आढळतो. मराठीत ‘तोंड येणे’ हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो. जीवनसत्त्वांच्या अभावाने होणारे व्रण, तंबाखूबरोबरच्या चुन्याने भाजणे, तापानंतर उठणारे फोड हे सर्व त्यात येतात. थ्रश हा त्यांपैकी फक्त एक प्रकार असून त्याचे कारण व उपचार वेगळे आहेत.

हा रोग किरकोळ समजला जातो व बहुतेक वेळा तो किरकोळच असतो. तथापि वैद्यकाच्या इतिहासात त्याला मिळालेले स्थान त्याच्या तीव्रतेच्या मानाने बरेच मोठे आहे. माणसाच्या ज्या रोगांचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले गेले अशा अगदी पहिल्या रोगांपैकी हा एक होय. त्याचबरोबर, दोष कवकाचा की ज्याच्या तोंडात ते वाढते त्या शरीराचा, हा वाद या रोगाच्या संदर्भात जवळजवळ दोन शतके चालत आला. या वादात जेव्हा एकाच बाजूकडे पाहिले गेले, तेव्हा त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागली.

प्राचीन उल्लेख : हिपॉक्राटीझ (इ. स. पू. पाचवे-चौथे शतक) याच्या नावावर असलेल्या ‘एपिडेमिक्स’ या ग्रंथसमूहात दीर्घ आजाराने खंगलेल्या रुग्णांच्या तोंडात येणाऱ्या चट्ट्यांची नोंद आहे. गेलेन (इ. स. दुसरे शतक) यानेही अशक्त मुलांतील अशा विकाराविषयी लिहिले आहे. ‘आफ्था’ ही ग्रीक संज्ञा त्या काळी तोंडातील सर्व प्रकारच्या व्रणांना लावली जात असल्यामुळे त्यांतील नेमके थ्रशचे वर्णन कोणते हे सांगणे कठीण आहे. भारतीय वैद्यकाचीही हीच अडचण आहे. सुश्रुतसंहितेत ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ व संपूर्ण मुख अशा सात स्थानी होणारे ६५ मुखरोग सांगितले असून संपूर्ण मुख व्यापणाऱ्या ‘सर्वसर’ रोगांचा स्वतंत्र गट केला आहे. त्यांतील एखाद्या कफप्रधान प्रकाराशी थ्रशचा मेळ घालण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु केवळ रंग व वेदना यांच्या वर्णनावरून असे समीकरण मांडणे धाडसाचे होय. मात्र एक गोष्ट या सर्व जुन्या नोंदींत समान दिसते. पांढरे तोंड हे दुर्बलतेचे लक्षण आहे, हे जुन्या वैद्यांनी बरोबर हेरले होते.

‘थ्रश’ या इंग्रजी शब्दाचा त्याच नावाच्या पक्ष्याशी संबंध नाही. स्वीडिश ‘तोर्स्क’ व डॅनिश भाषेतील तत्सम शब्दाशी त्याचे नाते असावे. फ्रेंच भाषेत या रोगाला ‘म्यूगे’ म्हणतात. घंटेच्या आकाराच्या बारीक पांढऱ्या फुलांच्या एका वनस्पतीचे हे नाव आहे. ज्या रोगाने अनाथालयांतील अर्भकांच्या खाटा भरून जात, त्याला फुलाचे नाव मिळावे, हे विलक्षण आहे.

अनाथ शिशुगृहे : अठराव्या शतकात यूरोपातील मोठ्या शहरांत टाकून दिलेल्या मुलांसाठी शिशुगृहे होती. तेथे दायांची संख्या अपुरी असे; पुष्कळशा अर्भकांना गाईचे दूध किंवा पेज एकाच भांड्यातून किंवा बाटलीतून पाजली जाई. अशा संस्थांत थ्रश साथीसारखा पसरत असे. तोंड दुखत असल्यामुळे मूल दूध ओढीत नसे, त्यात अतिसाराची भर पडे आणि आधीच कृश असलेले मूल दगावे. प्रत्यक्ष मृत्यूला थ्रश किती कारण आणि उपासमार किती, हे त्या काळी वेगळे करता येत नव्हते. मायकेल अंडरवुड या इंग्रज वैद्याने १७८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालरोगांवरील ग्रंथात थ्रशचे वर्णन केले. फ्रान्समधील ‘सोसिएते रॉयाल द मेद्सीन’ या राजमान्य वैद्यकीय संस्थेने १७८० नंतरच्या दशकात या रोगाची कारणे व प्रतिबंध यांवरील उत्तम निबंधासाठी पारितोषिक जाहीर केले. एखाद्या बालरोगावर अशा रीतीने जाहीर निबंध मागविला जाणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती आणि शिशुगृहांतील परिस्थिती किती चिंताजनक झाली होती, याचीच ती साक्ष होय.

त्या काळच्या लेखकांनी दूषित हवा, दाटी, बिघडलेले दूध आणि जन्मतः असलेले दौर्बल्य यांना दोष दिला. शार्ल मिशेल बीयार याने १८२८ मधील नवजात अर्भकांच्या रोगांवरील ग्रंथात शवविच्छेदनांच्या आधारे या रोगाचा बारकाईने अभ्यास केला. पांढरा थर म्हणजे श्लेष्मकलेचा बिघडलेला स्राव होय, असे त्याचे मत होते. १८३५ मध्ये ल्वी व्हेराँ याने थ्रश ग्रसिकेतही (अन्ननलिकेतही) होतो हे दाखविले आणि अर्भकाला तो जन्माच्या वेळी आईच्या जननमार्गातून जडत असावा, अशी शंका व्यक्त केली. हाच व्हेराँ १८३१ ते १८३५ या काळात पॅरिसच्या ऑपेराचा संचालक होता आणि सर्वसाधारण इतिहासग्रंथांत तो त्याच कारणासाठी ओळखला जातो. त्याची वैद्यकीय शंका पुढे खरी ठरली.

कवकाचा शोध : आगोस्तीनो बास्सी या इटालियन संशोधकाने १८३५ मध्ये रेशमाच्या किड्यांचा एक रोग कवकामुळे होतो हे सिद्ध केले आणि सजीवांच्या रोगांचे कारण सूक्ष्म सजीव असू शकतात, या विचाराला प्रथमच भक्कम आधार मिळाला. १८३९ मध्ये योहान शनलाइन याने डोक्याच्या ‘फाव्हस’ या त्वचारोगात कवक पाहिले. त्याच वर्षी बेर्नहार्ट फोन लांगेनबेक या जर्मन शस्त्रक्रियातज्ञाला टायफसने मरण पावलेल्या एका रुग्णाच्या घशातील व ग्रसिकेतील पांढऱ्या थरात कवकतंतू व बीजाणू आढळले. त्याने केलेले वर्णन अचूक होते, परंतु अनुमान चुकले. हे कवक टायफसचे कारण असावे, असे त्याने मानले. थ्रशचे कवक प्रथम पाहिल्याचा मान लांगेनबेकला दिला जातो, पण आपण थ्रश पाहत आहोत हे त्याला उमगले नव्हते.

ते उमगले स्टॉकहोममधील फ्रेद्रिक तेओदोर बेर्ग याला. शहरातील मोठ्या अनाथ बालकाश्रमात वैद्य असल्यामुळे थ्रशचे रुग्ण त्याला पाहिजे तितके उपलब्ध होते. १८४१ मध्ये त्याने थ्रशच्या चट्ट्यांत नेहमी एकाच प्रकारचे कवक असते, असे प्रसिद्ध केले. पुढे १८४६ मध्ये मुलांतील थ्रशवर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला व त्याचे जर्मन भाषांतर १८४८ मध्ये निघाले. रोगी अर्भकाच्या तोंडातील थर निरोगी अर्भकांच्या तोंडाला लावून त्यांना थ्रश होतो हेही त्याने पडताळून पाहिले. आजच्या कोणत्याही नीतिनियमांत न बसणारा असा हा प्रयोग होता. तो अनाथ मुलांवर करता आला, याचे कारण त्यांच्या वतीने हरकत घेणारे कोणी नव्हते, हेही नमूद करणे आवश्यक आहे. रोग एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाण्याचा मार्ग बेर्गने दूध पाजण्याच्या सामाईक बाटल्यांत शोधला. त्याच्या संशोधनातील सर्वांत उपयुक्त भाग हाच म्हणावा लागेल, कारण त्यासाठी औषधाची गरज नव्हती. भांडी वेगळी ठेवणे व स्वच्छ धुणे एवढेच पुरेसे होते. बेर्ग १८४५ मध्ये कारोलिन्स्का संस्थेत बालरोगांचा प्राध्यापक झाला. पुढे मात्र तो वैद्यकापासून दूर गेला आणि १८५८ मध्ये स्वीडनच्या सांख्यिकी कार्यालयाचा पहिला प्रमुख बनला.

मूळचा हंगेरियन असलेल्या दाव्हीद ग्र्यूबी याने बेर्गच्या कामाची माहिती नसताना १८४२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर थ्रशच्या कवकाचे वर्णन मांडले. ग्र्यूबीने दोन-तीन वर्षांतच अनेक कवकजन्य रोगांचा उलगडा केला. परंतु त्याला पॅरिसच्या वैद्यकविश्वाने फारसे जवळ केले नाही आणि तो खासगी व्यवसायाकडे वळला. संगीतकार शॉपँ व कवी हाइने हे त्याच्या रुग्णांपैकी होत. १८४४ मध्ये जॉन ह्यूझ बेनेट याने एडिंबरोमध्ये क्षयरोग्याच्या थुंकीत तसेच कवक पाहिले, १८४९ मध्ये लंडनमध्ये विल्किन्सन याने योनिमार्गातील कवकरोगाचे वर्णन केले आणि १८७० नंतरच्या दशकात हाउसमान या जर्मन वैद्याने मातेच्या योनिमार्गातील व अर्भकाच्या तोंडातील कवक एकच असल्याचे दाखविले. व्हेराँची चाळीस वर्षांपूर्वीची शंका अशा रीतीने निकालात निघाली.

कॉखने काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) सूक्ष्मजंतूचे कार्य १८७६ मध्ये सिद्ध केले. त्याआधी सु. पस्तीस वर्षे थ्रशचे कारण माहीत होते. असे असूनही रोगजंतुवादाचा पाया म्हणून थ्रशचे नाव घेतले जात नाही. याचे कारण त्या काळच्या वैद्यांच्या एका आक्षेपात आहे. त्यांचे म्हणणे असे की, कवक दिसते हे खरे; पण ओल्या भिंतीवर जशी बुरशी येते तशी ती बिघडलेल्या श्लेष्मकलेवर येते; भिंत ओली झाली हे मूळ कारण, बुरशी हा परिणाम. हा आक्षेप सर्वस्वी चुकीचा नव्हता, हीच थ्रशची खरी अडचण आहे. धष्टपुष्ट तरुणाच्या जिभेवर हेच कवक चोळले तर बहुधा काहीही होत नाही. क्षय, विषमज्वर व कर्करोग यांच्या अखेरच्या अवस्थेत मात्र ते आपोआप उगवल्यासारखे दिसते. म्हणूनच थ्रशला ‘रोग्यांचा रोग’ असे म्हटले जाऊ लागले. या निदानात तथ्य होते, पण त्यामुळे संसर्गाचा मार्ग व बाटल्यांची स्वच्छता यांकडे होणारे दुर्लक्ष सोयीस्कर ठरले.

नामकरणाचा गोंधळ : शार्ल रोबँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ मधील परजीवी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात या कवकाला ‘ऑयडियम आल्बिकान्स’ असे नाव दिले. १८७७ मध्ये रेस याने त्याची गणना मद्यकिण्वाच्या ‘सॅकरोमायसीझ’ वंशात केली, तर १८९० मध्ये झोप्फ याने त्याला ‘मोनिलिया’ वंशात घातले. हे शेवटचे नाव दीर्घकाळ टिकले आणि रोगाला ‘मोनिलियासिस’ म्हणण्याचा प्रघात पडला. जुन्या पिढीतील डॉक्टरांच्या तोंडी तो शब्द पुष्कळ वर्षे होता. एकंदर शंभरावर नावे या एका जातीला मिळाली. या गोंधळाचे मूळ कवकाच्या स्वभावात आहे. ते कधी किण्वासारख्या लंबगोल सुट्या कोशिकांच्या रूपात मुकुलनाने (अंगावर कळीसारखा फुगवटा येऊन) वाढते, तर कधी लांब तंतूंचे जाळे विणते. एका संशोधकाला एक रूप, दुसऱ्याला दुसरे रूप दिसे व प्रत्येक जण नवे नाव देई. यूट्रेक्टच्या क्रिस्टीन बर्खाउट यांनी १९२३ मध्ये आपल्या प्रबंधात फळे व वनस्पतींवरील खऱ्या मोनिलियापासून ही रोगकारक कवके वेगळी काढली आणि ‘कँडिडा’ हा वंश स्थापन केला. निवडणुकीस उभा राहणारा रोमन नागरिक जो शुभ्र झगा घाली त्याच्या नावावरून हा शब्द घेतला आहे. ‘आल्बिकान्स’ म्हणजेही ‘पांढरे होणारे’. त्यामुळे संपूर्ण नावाचा अर्थ ‘शुभ्र पांढरे’ असा काहीसा द्विरुक्त होतो. १९५४ मध्ये पॅरिस येथील वनस्पतिविज्ञान परिषदेत या नावास अधिकृत मान्यता मिळाली.

नावांच्या या गर्दीचा परिणाम केवळ पुस्तकी नव्हता. एखादे कवक सर्वत्र सापडते व त्याची ओळख अनिश्चित असते, तेव्हा त्याच्यावर कोणताही आरोप ठेवता येतो. आल्दो कास्तेल्लानी याने विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबोत काम करीत असताना मोनिलियाच्या अनेक नव्या ‘जाती’ वर्णन केल्या व निरनिराळे रोग त्यांच्याशी जोडले. उष्ण प्रदेशांत होणाऱ्या ‘स्प्रू’ या रोगात जीभ लाल होऊन सोलवटते, फेसाळ अतिसार होतो व रुग्ण रक्तक्षयाने खंगत जातो. अशा रुग्णांच्या तोंडात व मलात मोनिलिया सापडत असे. त्यावरून पोर्तो रीकोमधील बेली ॲशफर्ड याने १९१५ च्या सुमारास या कवकाची एक जात हेच स्प्रूचे कारण ठरविले. हा रोग मुंबई इलाख्यातही होता. ऑस्ट्रेलियन संशोधक नील हॅमिल्टन फेअर्ली हे १९२२ मध्ये मुंबईस आले, परळ येथील प्रयोगशाळेत (नंतरच्या हाफकिन संस्थेत) त्यांनी स्प्रूवर संशोधन केले आणि त्यांनाच तो रोग जडून त्यांना १९२५ मध्ये इंग्लंडला परतावे लागले. पुढे ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गिरणी कामगार गर्भवतींमध्ये आढळणाऱ्या एका प्रकारच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला व मद्यकिण्वाच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये दाखविले. या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अम्ल होय. १९४५ नंतर ते शुद्ध स्वरूपात उपलब्ध झाले, तेव्हा स्प्रूच्या रुग्णांतील रक्तक्षय व जिभेचा दाह त्याने ओसरू लागला आणि मोनिलियावरील आरोप मागे पडला. एका किण्वाला ज्या रोगाचे कारण मानले गेले, त्यावरील गुणकारी द्रव्याचा माग दुसऱ्या किण्वातून लागावा, हा योगायोग मोठा बोधक आहे. स्प्रूच्या रुग्णाच्या तोंडातील कवक हे तेथे होतेच. पण ते कुपोषित श्लेष्मकलेवर आलेले पाहुणे होते.

प्रतिजैवांचा काळ : दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलीन, ऑरिओमायसीन इ. औषधांचा वापर वाढला आणि त्याबरोबर तोंड, घसा व आतडे यांत कँडिडा बेसुमार वाढल्याच्या नोंदी होऊ लागल्या. निरोगी प्रौढांपैकी सु. ३० ते ५० टक्के व्यक्तींच्या तोंडात हे कवक मुळातच असते. तोंडातील सूक्ष्मजंतू, लाळ व प्रतिरक्षा त्यास आटोक्यात ठेवतात. प्रतिजैवांनी सूक्ष्मजंतू मारले की जागा व अन्न मोकळे होऊन कवकाचे फावते. पूर्वी उपासमारीत व दाटीत होणारा रोग आता सुसज्ज रुग्णालयात, उपचारामुळे, होऊ लागला.

या गरजेतूनच पहिले खरे कवकनाशक निर्माण झाले. तोपर्यंत मधात कालवलेला टाकणखार किंवा बोरोग्लिसरीन तोंडातून फिरविणे हाच रूढ उपाय होता. महाराष्ट्रातही टाकणखाराची लाही मधातून लावण्याची चाल होती. टाकणखार पोटात गेल्यास अर्भकास विषारी ठरतो आणि एक वर्षाखालील मुलास मध देणेही धोक्याचे असते. म्हणून हा उपाय आता वर्ज्य आहे. १९२५ च्या सुमारास जेंशन व्हायोलेट हा रंग थ्रशवर वापरात आला. जांभळ्या तोंडाचे मूल हे दृश्य नंतर कित्येक दशके दवाखान्यांत परिचयाचे होते. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यातील एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन यांनी मातीतील सूक्ष्मजीवांत कवकनाशक द्रव्याचा पद्धतशीर शोध घेतला. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीच्या नमुन्यांतून जीव वाढवीत व बरण्यांत भरून टपालाने ऑल्बनी येथे पाठवीत. ब्राउन त्यांतील द्रव्य वेगळे काढून परत पाठवीत. व्हर्जिनियातील एका दुग्धशाळेच्या मातीत त्यांना हवा तो जीव मिळाला. १९५० मध्ये जाहीर झालेल्या या द्रव्याला राज्याच्या नावावरून ‘निस्टॅटिन’ म्हणण्यात आले व १९५४ मध्ये ते बाजारात आले. स्वामित्वशुल्काचे १ कोटी ३० लक्ष डॉलरांहून अधिक उत्पन्न दोघींनी स्वतः न घेता संशोधनासाठी दिले. निस्टॅटिन आतड्यांतून शोषले जात नाही. त्यामुळे ते अर्भकाच्याही तोंडात सुरक्षितपणे वापरता येते. मात्र शरीरात खोलवर पसरलेल्या रोगावर त्याचा उपयोग होत नाही.

याच वर्गातील एक औषध महाराष्ट्रात शोधले गेले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याच्या संशोधन विभागात एम्. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतील ‘स्ट्रेप्टोमायसीझ पिंप्रिना’ या जीवापासून ‘हॅमायसीन’ हे प्रतिजैव मिळविले व १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. जीवाला गावाचे आणि औषधाला कारखान्याचे नाव मिळाले. हॅमायसीन तोंडातील थ्रश व योनिमार्गातील कँडिडारोग यांवर स्थानिक उपयोगासाठी वापरले गेले. पुढे क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल आणि १९९० च्या सुमारास प्रचारात आलेले फ्लुकोनॅझोल या संश्लेषित औषधांनी त्याची जागा घेतली. तरीही स्थानिक मातीतून नवे औषध काढणाऱ्या त्या संशोधनपरंपरेची आठवण म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही.

एड्‌स व प्रतिरक्षेचे ज्ञान : ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस अँजेल्समधील पाच तरुणांच्या असाधारण फुप्फुसशोथाचे (न्यूमोनियाचे) वृत्त आले. एड्‌सविषयीची ही पहिली वैद्यकीय नोंद होय. पाचही जणांना श्लेष्मकलेचा कँडिडारोग झालेला होता. एरवी तरुण व धडधाकट पुरुषाच्या तोंडात थ्रश का यावा, हा प्रश्न त्या पाच रुग्णांनी विचारावयास लावला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धोका असलेल्या व्यक्तीच्या तोंडातील कारणाविना आलेला थ्रश ही पुढे होणाऱ्या एड्‌सची सूचना असते, असे दिसून आले. भारतात एचआयव्हीचे संक्रामण १९८६ मध्ये चेन्नई येथे प्रथम आढळले. रक्तातील सीडी ४ लसीका कोशिकांची मोजणी जेथे होत नव्हती, तेथे विजेरीच्या उजेडात दिसणारे टाळूवरील पांढरे चट्टे हाच रोग वाढल्याचा पुरावा मानावा लागे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकाळ टिकणारा तोंडातील थ्रश तिसऱ्या अवस्थेचे लक्षण मानला जातो. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एचआयव्हीवरील विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. या औषधांनी सीडी ४ कोशिकांची संख्या सावरली की थ्रश पुन्हापुन्हा होत नाही. केवळ कवकनाशके वर्षानुवर्षे देत राहिल्यास मात्र कवक त्यांना दाद देईनासे होते, हा अनुभव १९९० नंतरच्या दशकात सर्वत्र आला. कँडिडा डब्लिनिएन्सिस ही आल्बिकान्सशी निकटची जाती १९९५ मध्ये अशाच रुग्णांच्या तोंडातून वेगळी ओळखली गेली.

एड्‌सने आणखी एक कोडे पुढे आणले. या रुग्णांना तोंडाचा व ग्रसिकेचा कँडिडारोग होतो, पण कवक रक्तात शिरून सर्व शरीरात पसरल्याचे क्वचितच आढळते. उलट, कर्करोगावरील औषधांनी ज्यांच्या न्यूट्रोफिल श्वेत कोशिका नष्ट होतात, त्यांच्यात ते रक्तात शिरते. याचा अर्थ श्लेष्मकलेचे रक्षण व रक्ताचे रक्षण या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. २०११ मध्ये जन्मतः इंटरल्यूकिन-१७ या प्रथिनाचे कार्य नसलेल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना लहानपणापासून तोंडाचा थ्रश सतत होत असे. श्लेष्मकलेवरील कवकास रोखण्यात या प्रथिनाचा वाटा किती मोठा आहे, हे त्यावरून कळले. एचआयव्ही ज्या कोशिका नष्ट करतो त्यांतच हे प्रथिन निर्माण करणाऱ्या कोशिकांचा समावेश होतो.

दुसऱ्या बाजूने कवकाचे कर्तृत्वही उघड झाले. लंडन येथील जूलियन नॅग्लिक, येना येथील बेर्नहार्ट हूबे व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये आल्बिकान्सचे ‘कँडिडालायसिन’ हे विष शोधून काढले. केवळ ३१ ॲमिनो अम्लांची ही लहानशी साखळी असून ती तोंडाच्या अस्तरातील कोशिकांना छिद्रे पाडते. कवक सुट्या किण्वरूपात असताना हे विष तयार होत नाही. ते तंतू काढू लागले म्हणजेच होते. तोंडातील एकच रहिवासी कधी निरुपद्रवी व कधी रोगकारक का ठरतो, याचा एक भौतिक खुलासा त्यामुळे मिळाला. त्या विषाची चाहूल लागताच अस्तर प्रतिरक्षेला जागे करते. ज्याच्या शरीरात ही हाक ऐकणारे कोणी उरलेले नसते, त्याच्या तोंडात चट्टे पसरतात.

निदान व उपचार : बहुतेक वेळा चट्टे पाहूनच निदान होते. शंका असल्यास खरवडलेला थर पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात घालून सूक्ष्मदर्शकाने पाहतात. तंतू व मुकुलित कोशिका एकत्र दिसल्यास निदान निश्चित होते. संवर्धनात नुसते कवक वाढणे पुरेसे नाही, कारण निरोगी तोंडातही ते असते. आल्बिकान्स जाती ओळखण्यासाठी ते रक्तरसात दोन-तीन तास ठेवून अंकुरासारखी नलिका फुटते का हे पाहण्याची कसोटी १९६० पासून रूढ आहे. अर्भकांत निस्टॅटिन किंवा मायकोनॅझोल तोंडात लावतात. अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईच्या स्तनाग्रांवर रोग असल्यास दोघांवर एकदम उपचार करावे लागतात, नाहीतर तो एकाकडून दुसऱ्याकडे परत येत राहतो. बाटली व बूच रोज उकळणे आवश्यक असते. कवळी रात्री काढून, घासून, जंतुनाशक विद्रावात ठेवावी लागते. ती तोंडात तशीच ठेवून घेतलेले औषध फारसे लागू पडत नाही. दम्यासाठी कॉर्टिकोस्टेरॉइडाचा फवारा ओढणाऱ्यांनी प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरावी. मधुमेह्याची रक्तशर्करा आटोक्यात आणल्यावाचून थ्रश हटत नाही. किंबहुना निदान न झालेला मधुमेह पुष्कळदा या चट्ट्यांमुळेच उघडकीस येतो. वरील कोणतेही कारण नसलेल्या प्रौढाच्या तोंडात थ्रश आढळल्यास औषध देऊन थांबू नये, रक्तशर्करा व एचआयव्ही यांची तपासणी करावी आणि गिळताना छातीत दुखत असल्यास ग्रसिकेचीही पाहणी करावी.